तिथी पाहून किनाऱ्याला जा: वेळास ते रत्नागिरी, पाच दिवसांच्या प्रवासाचे सविस्तर नियोजन

कोकणच्या किनाऱ्याची सहल आखताना बहुतेक मंडळी नकाशावरचे किलोमीटर मोजतात आणि ‘एवढे अंतर तर दोन तासांत जाईल’ असे म्हणून मोकळी होतात. या किनाऱ्यावर किलोमीटरला फारसा अर्थ नसतो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या खाड्यांनी सारा किनारा जागोजागी कापलेला आहे, त्यामुळे पलीकडच्या काठावर वाळत घातलेली जाळीसुद्धा दिसतात, पण रस्त्याने तिथे पोहोचायला अर्धा दिवस मोडतो. मासळी काठावर केव्हा आणि कशी येणार, किल्ल्याकडे जाणारी होडी केव्हा सुटणार, खडकाच्या घळीत पाणी केव्हा उसळणार, हे सगळे भरती-ओहोटी ठरवते. म्हणून या प्रवासाचे वेळापत्रक घड्याळाआधी तिथीवर बसवावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे आणि ते कसे बसवायचे हे पुढे क्रमाने दिले आहे.

त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तर भाग निवडला आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासपासून सुरुवात करून दापोली आणि गुहागर तालुके ओलांडत जयगडमार्गे रत्नागिरीला पोहोचायचे, असा हा पाच दिवसांचा आणि चार मुक्कामांचा मार्ग आहे. अलिबाग किंवा मालवण यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे आणि तिथे गर्दीही तशीच असते. या मधल्या पट्ट्यात मात्र मासेमारीची गावे अजून मासेमारीच्याच कामात गुंतलेली दिसतात आणि पर्यटक हा तिथे दुय्यम विषय असतो. माझ्या मते या भागाचे हेच सर्वांत मोठे आकर्षण आहे.

पहिली पायरी: दिनदर्शिका घेऊन बसा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. ऑगस्टमध्ये बंदी उठते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो आणि बंदरे पुन्हा हलू लागतात. तरीही समुद्र खवळलेला असल्यामुळे पर्यटकांच्या होड्या साधारणपणे ऑक्टोबरपर्यंत पाण्यात उतरत नाहीत. ऑक्टोबरात उकाडा असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. आंब्यासाठी एप्रिल-मे निवडणाऱ्यांनी दुपारी बारा ते चार घरातच बसण्याची तयारी ठेवावी.

गणेशोत्सव आणि शिमगा हे दोन सण टाळावेत, किंवा मग खास त्यांच्यासाठीच जावे. या दिवसांत मुंबईचा चाकरमानी गावी येतो, एसटी आणि रेल्वे महिना-दोन महिने आधीच भरलेल्या असतात आणि ज्या घरात तुम्ही उतरणार त्या घरचीच माणसे पालखीच्या मागे असतात. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. तो सोहळा पाहण्यासारखा असतो, परंतु अशा वेळी पाहुणचाराची अपेक्षा ठेवू नये.

आता तिथीचा हिशेब. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचे गणित सोपे आहे: तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी, दुपारी बाराच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या सुमाराला आणि ओहोटी संध्याकाळी. हा ढोबळ अंदाज आहे. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची तफावत पडू शकते, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी तो ताडून पाहावा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे लक्षात ठेवले की पुढच्या चार दिवसांचा अंदाज स्वतःच बांधता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते: पाणी खूप चढते आणि तितकेच खोलवर ओसरते. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि चढ-उतार कमी असतो.

या मार्गासाठी द्वादशीला निघणे सर्वांत सोयीचे पडते. मग वेळासला द्वादशी, हर्णैला त्रयोदशी, दाभोळ-गुहागरला चतुर्दशी, हेदवी-जयगडला पौर्णिमा किंवा अमावास्या आणि रत्नागिरीला प्रतिपदा येते. याचा फायदा प्रत्येक ठिकाणी कसा होतो, हे त्या त्या दिवसाच्या वर्णनात येईल. मार्गशीर्ष, पौष आणि माघ या तिन्ही महिन्यांत असा मुहूर्त प्रत्येकी दोनदा सापडतो. त्यातला जो शनिवार-रविवारला हर्णै आणि गुहागर टाळतो, तो पक्का करावा.

दुसरी पायरी: कशाने जायचे

स्वतःचे वाहन असल्यास मुंबईहून माणगावमार्गे आणि पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला येऊन पुढे आंबेत-म्हाप्रळ करत मंडणगड गाठावे. आधी हरिहरेश्वर पाहून येणाऱ्यांनी बागमांडला ते वेश्वी ही फेरीबोट घ्यावी, म्हणजे सावित्रीची खाडी ओलांडून थेट बाणकोटच्या बाजूला उतरता येते. मंडणगडनंतरचे रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत. ताशी पंचवीस-तीस किलोमीटर हाच वेग धरून हिशेब करावा आणि अंधार पडल्यावर गाडी चालवणे टाळावे. पेट्रोल दापोलीत भरून घ्यावे. आडगावांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि मग फोनवरून पैसे देणेही अडते, म्हणून सुट्या नोटा जवळ असाव्यात.

एसटीने हा संपूर्ण मार्ग करता येतो, पण गुहागर-वेळणेश्वर-हेदवी या टप्प्यात गाड्या मोजक्याच असतात आणि एक चुकली की दिवस जातो. वाहन नसेल तर मार्ग छाटावा: कोकण रेल्वेने खेडला उतरून एसटीने दापोलीमार्गे हर्णै किंवा मुरूडला दोन मुक्काम करावेत, तिथून दाभोळची फेरीबोट घेऊन गुहागरला दोन मुक्काम करावेत आणि चिपळूणहून रेल्वेने परतावे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. कोकण रेल्वेच्या बाबतीत आरक्षण सुरू होते त्याच दिवशी सकाळी तिकीट काढणे हाच शहाणपणा आहे.

तिसरी पायरी: मुक्काम आणि जेवण आधी बोलून घ्या

या पट्ट्यात मोठी हॉटेले थोडी आणि घरगुती निवास अधिक. तेच निवडावेत. मात्र खोली ठरवताना एक प्रश्न न विसरता विचारावा: घरात मासे शिजतात का? आंजर्ले, केळशी, मुरूड, गुहागर आणि वेळास इथली अनेक घरगुती निवासस्थाने ब्राह्मण कुटुंबांची आहेत आणि त्यांचे स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी असते. हर्णैच्या बंदरावर हौसेने सुरमई घ्यायची आणि मुक्कामी आल्यावर ती ठेवायला जागा नाही असे कळायचे, ही फजिती दर हंगामात कुणाची ना कुणाची होते. यात दोष कुणाचाच नाही, फक्त आधी विचारायला हवे. मासे हवे असतील तर हर्णै, पाजपंढरी, बुरोंडी किंवा वेलदूर या बाजूला मांसाहारी घरगुती खानावळ पाहावी. काही ठिकाणी तुम्ही आणलेली मासळी वेगळा आकार घेऊन शिजवून देतात.

शाकाहारी घरांत राहिलात तर तुमचे काही कमी होत नाही. कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, आंबोळी, घावन आणि सोलकढी असे जेवण शहरात मिळत नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे, कारण पिठीपासून तयारी असते. जेवणाचा दर माणशी असतो आणि जेवणाऱ्यांची संख्या सकाळीच कळवायची असते. संध्याकाळी सातला फोन करून ‘आणखी चार जण आहेत’ असे सांगणे घरच्या काकूंवर अन्याय करणारे आहे.

पहिला दिवस, द्वादशी: वेळास, बाणकोट

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव, पण आज ते ओळखले जाते कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे गावकऱ्यांच्या साथीने कासव महोत्सव उभा राहिला. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते. ती अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात आणि साधारण पन्नास-साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लांचा काळ. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यावर झाकलेली टोपली उघडली जाते. पिल्ले निघालीच नाहीत तर काहीही दिसत नाही आणि त्याची हमी कुणीही देऊ शकत नाही, म्हणून एक रात्र तिथे काढून संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन्ही संधी घ्याव्यात. दोरीच्या आत पाऊल टाकू नये आणि फ्लॅश मारू नये.

डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी वेळासला पिल्लांच्या आशेने जाऊ नये. त्यांनी बाणकोटचा किल्ला, म्हणजे हिंमतगड, पाहावा आणि तिथून सावित्रीचे मुख न्याहाळावे. द्वादशीला ओहोटी तीनच्या सुमारास असते, त्यामुळे दुपारनंतर किनाऱ्यावर चालायला लांबच लांब ओली, घट्ट वाळू मिळते.

दुसरा दिवस, त्रयोदशी: केळशी, आंजर्ले आणि हर्णै

सकाळी लवकर निघून केळशीचे महालक्ष्मी मंदिर पाहून आंजर्ल्याला यावे. आंजर्ल्यात टेकडीवरचा ‘कड्यावरचा गणपती’ प्रसिद्ध आहे. मूर्ती उजव्या सोंडेची आहे आणि मंदिराच्या आवारातून खाली नारळी-पोफळीची दाट रांग आणि पलीकडे समुद्र दिसतो. पूर्वी इथून हर्णैला जायचे तर जोग नदीची खाडी होडीने ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. पूल ओलांडून हर्णैकडे वळताच पाजपंढरी लागते. ही कोळ्यांची वस्ती आहे. इथे गाडी थांबवून पायी फिरावे, पण काही पथ्ये पाळून. वाटेवर पसरलेले जाळे तुडवू नये, बाजूने जावे. वाळत घातलेल्या बोंबील-जवळ्याच्या जवळ चपला झटकू नयेत. जाळे विणणाऱ्या किंवा मासळी निवडणाऱ्या बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, आणि ‘मावशी, काढू का?’ असे विचारल्यावर नाही म्हणाल्या तर हसून पुढे व्हावे.

हर्णैसमोरचा समुद्रातला किल्ला सुवर्णदुर्ग सकाळी करावा की दुपारी, याचे उत्तर तिथीत आहे. त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या आसपास असते. किल्ल्याला धक्का नाही. होडी वाळूजवळ नेतात आणि प्रवाशांना गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. भरतीच्या आसपास होडी किल्ल्याच्या जवळ जाते, पूर्ण ओहोटीला खडक उघडे पडून ती दूर थांबते. तेव्हा केळशी-आंजर्ले थोडक्यात आटोपून नऊ-साडेनऊला हर्णैच्या बंदरावर असणे उत्तम. ज्यांना एवढी घाई नको, त्यांनी आदला मुक्काम वेळासऐवजी आंजर्ल्याला करावा. होडी खासगी असते, तिचे भाडे संपूर्ण होडीचे ठरते, म्हणून आठ-दहा जण जमले की स्वस्त पडते. जीवरक्षक जाकिटे आहेत का हे आधी विचारावे आणि नसतील तर जाऊ नये. वारा सुटला आहे, आज नको, असे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणाला तर पैसे वाढवून देण्याची भाषा करू नये.

किल्ल्याच्या दारात पायरीवर कोरलेले कासव आणि तटावरचा मारुती पाहावा. आत विहिरी, पडके वाडे आणि माजलेली झुडपे आहेत. प्यायचे पाणी आणि सावली दोन्ही मिळत नाहीत. हे ठाणे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे बलस्थान होते आणि १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेत, पेशव्यांशी हातमिळवणी केलेल्या इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने ते जिंकले. सुवर्णदुर्गाच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन जोडकिल्ले होते. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे आणि फत्तेगडावर मच्छीमारांची घरे झाली आहेत. होडी करायची नसेल तर कनकदुर्गावरून सुवर्णदुर्ग उत्तम दिसतो, आणि खरे सांगायचे तर लहान मुले व वयस्क मंडळी बरोबर असतील तर तेच बरे.

दुपारचे जेवण आटोपून चारपर्यंत पुन्हा बंदरावर यावे. हर्णैचा लिलाव सकाळी आणि दुपारी उशिरा असा दोन वेळा होतो, पण खरी गजबज दुपारनंतरची. त्रयोदशीला याच वेळी ओहोटी असते, म्हणून बंदराचे मूळ रूप दिसते. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगरलेल्या असतात, त्यांतली मासळी लहान होड्यांत उतरते आणि उथळ पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या ती वाळूवर आणतात. बर्फाच्या लाद्या आणि डिझेलचे कॅन उलट दिशेने जातात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात आणि गाडीवान लाटेचा अंदाज घेऊन त्यांना वळवतो.

वाळूवर मासळीचे ढीग जातीनुसार लागतात. एका ढिगाभोवती व्यापाऱ्यांचे कडे होते, बोली पुकारणारा भराभर आकडे म्हणत जातो आणि मिनिटभरात ढीग कुणाच्या तरी नावावर होऊन क्रेटमध्ये बर्फाखाली जातो. हा घाऊक व्यवहार आहे. घरासाठी दोन पापलेट हवेत म्हणून त्या कड्यात घुसून भाव विचारणे म्हणजे कामात अडथळा आणणे होय. किरकोळ घेणाऱ्यांनी थोडे बाजूला, टोपल्या मांडून बसलेल्या कोळणींकडे जावे. लिलावातून उचललेली मासळी तिथे नगावर किंवा वाट्यावर मिळते.

घेताना कल्ला उचलून पाहावा: तो लालबुंद हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, अंगावर बोट दाबले तर खळगा लगेच भरून यावा, पापलेटचे पोट फुटलेले नसावे. कोळंबीचे डोके धडापासून सुटू लागले असेल तर ती शिळी समजावी. सुरमई, पापलेट, हलवा यांचे भाव पर्यटकांमुळे चढलेलेच असतात. त्यापेक्षा बांगडा, सौंदाळे, मांदेली, म्हाकुल किंवा राणी मासा घ्यावा. चव उत्तम आणि पैसे निम्म्याहून कमी. घासाघीस करायला हरकत नाही, कोळीण स्वतःही चढा भाव सांगूनच सुरुवात करते, पण सांगितलेल्या भावाच्या चौथाईवर येऊन बोलणी सुरू केली तर पुढचे दोन शब्द ऐकून घ्यायचीही तयारी असावी. ‘मावशी, साफ करून द्या’ म्हटले की खवले काढून, तुकडे करून मिळतात. त्याचे थोडे पैसे वेगळे होतात.

बंदरावर पायात जुन्या, न घसरणाऱ्या चपला असाव्यात. नांगराचे दोर वाळूतून गेलेले असतात आणि भार आला की ते एकदम ताणले जातात. त्यांच्यावर पाय देऊन उभे राहू नये. नौकांवरचे अनेक खलाशी आज नेपाळमधून किंवा दुसऱ्या राज्यांतून आलेले असतात. त्यांच्याशी हिंदीत दोन शब्द बोललात तर बंदराची एक वेगळीच बाजू कळते.

मुक्काम हर्णै किंवा मुरूडला करावा. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तिथले दुर्गादेवीचे मंदिर लाकडी कोरीवकामासाठी पाहावे. मुरूड-कर्दे परिसरात सकाळी डॉल्फिन दाखवायला होड्या जातात. डॉल्फिनच्या मागे होडी पिटाळू नका, असे नावाड्याला निघतानाच सांगून ठेवावे.

तिसरा दिवस, चतुर्दशी: दाभोळची खाडी ओलांडून गुहागर

मुरूडहून दापोलीकडे जाताना आसूदला थांबावे. ओढ्यावरचा साकव ओलांडून, पोफळीच्या बागांमधून पायऱ्या चढत केशवराजाच्या मंदिराकडे जाणारी वाट हा या संपूर्ण प्रवासातला सर्वांत थंडगार तास आहे. दुपारी दाभोळला पोहोचावे.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर होते. घोड्यांचा आणि मलमलीचा व्यापार इथून चाले आणि हजच्या यात्रेकरूंची जहाजे इथून सुटत. त्या वैभवाची खूण म्हणून धक्क्याजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद उभी आहे, जिला लोक अंडा मशीद म्हणतात. गावाबाहेर चंडिकादेवीचे गुहेतले स्थान आहे. आत विजेचा दिवा लावत नाहीत. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, हाताला ओलसर कातळ लागतो आणि वाकून दोन-चार पावले पुढे गेले की तेलाच्या समईच्या उजेडात देवीचा मुखवटा हळूहळू आकार घेतो. मोबाइलचा टॉर्च लावू नये.

दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट वाशिष्ठीची खाडी दहा-पंधरा मिनिटांत पार करते आणि खेड-चिपळूणवरून पडणारा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा वाचवते. दुचाकी, मोटार, मिनीबस सगळे बोटीवर चढते. पायी प्रवाशांचे भाडे अगदी किरकोळ असते. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, शेवटच्या फेरीची वेळ हंगामानुसार बदलते, म्हणून चारच्या आत धक्क्यावर असावे. गाडी बोटीवर चढवताना उताराचा अंदाज येत नसेल तर प्रवाशांना आधी उतरवावे आणि बोटीवरचा माणूस दाखवील त्याप्रमाणेच चाक वळवावे. खाडीत मधोमध आल्यावर समोर जो औष्णिक प्रकल्प दिसतो तो एकेकाळी ‘दाभोळ’ या नावाने देशभर गाजला, पण तो उभा आहे पलीकडच्या काठावर, गुहागर तालुक्यात. दाभोळ गावाला त्यातून नावाखेरीज फारसे काही मिळाले असे वाटत नाही.

पलीकडे उतरल्यावर वेलदूरचे मच्छीमार बंदर आणि अंजनवेलचा गोपाळगड पाहून गुहागरला यावे. गोपाळगडावरून खाडीचे मुख आणि दाभोळचा काठ एकाच नजरेत येतात, त्यामुळे ही जागा जिंकण्यासाठी एवढा रक्तपात का झाला ते पुस्तक न वाचताही कळते.

गुहागरात गाव म्हणजे एकच लांबलचक रस्ता. वरचा पाट, खालचा पाट अशी त्याची विभागणी आहे आणि रस्त्याच्या समुद्राकडच्या प्रत्येक घरामागे आगर असते: पुढे ओटी, मागे विहीर, मग पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या नारळी-पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल, शेवटी गडग्यातले, म्हणजे दगडी कुंपणातले, फाटक आणि पलीकडे एकदम वाळू. घरगुती निवास असा आगराचा असेल तरच घ्यावा. व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत आहे, त्यामुळे सकाळी मंदिरात पूजेसाठी बाहेरगावची माणसे असतातच.

किनारा सुमारे सहा किलोमीटर लांब आणि दिसायला अत्यंत शांत आहे. या शांततेवर विसंबू नये. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागताना पाणी पायाखालची वाळू ओढून नेते आणि जीवरक्षक सगळीकडे नसतात. पाणी चढते असेल तेव्हाच, कमरेच्या आत, आणि गावातल्या माणसाने ‘इथे ठीक आहे’ म्हटलेल्या जागीच उतरावे. वाळूवर गाडी नेण्याचा मोह तर अजिबात नको. रुतलेली गाडी भरतीच्या आत निघाली नाही तर ती पाण्यातच जाते.

चौथा दिवस, पौर्णिमा किंवा अमावास्या: वेळणेश्वर, हेदवी, जयगड

या दिवसाचा सारा बेत दुपारच्या भरतीभोवती आहे. सकाळी वेळणेश्वरचे शिवमंदिर आणि हेदवीचा दशभुज लक्ष्मीगणेश पाहून अकराच्या सुमारास हेदवीच्या किनाऱ्यावरील उमामहेश्वर मंदिरापाशी यावे. तिथे काळ्या खडकात एक लांब, अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. ओहोटीला ती एक साधी भेग दिसते आणि माणसे ‘एवढेच?’ म्हणून परततात. भरतीला मात्र लाट त्या चिरेत शिरते, पुढे जागा उरत नाही म्हणून दाबली जाते आणि कित्येक फूट उंच फवारा उडतो. उधाणाच्या दिवशी हे दृश्य सर्वांत जोरकस असते, आणि द्वादशीला निघण्याचे एक मोठे कारण हेच आहे. खडक शेवाळलेले असतात. दोन-तीन लाटा लहान आल्या म्हणून पुढे सरकू नये, कारण मोठी लाट सांगून येत नाही.

हेदवीहून तवसाळला जाऊन जयगडची फेरीबोट घ्यावी. ही शास्त्री नदीची खाडी आहे. बोट बंद असली तर राई-भातगाव पुलावरून जाता येते, पण वळसा बराच आहे. जयगडचा किल्ला खाडीच्या तोंडावर आहे, तटबंदी आणि खंदक चांगल्या स्थितीत आहेत. दीपगृह आणि कऱ्हाटेश्वर मंदिर जवळच. मुक्काम मालगुंड किंवा गणपतीपुळ्याला करावा. दोहोंत मी मालगुंडला पसंती देईन: तिथे केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे, आणि पुळ्याची गर्दी दोन-तीन किलोमीटरवरच थांबते. पुळ्याच्या समुद्रात पोहण्याचे धाडस करू नये. तो किनारा एकदम खोल होतो आणि दरवर्षी तिथे दुर्घटना घडतात.

पाचवा दिवस: रत्नागिरी आणि परतीची बांधाबांध

आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला यावे. एवढा प्रवास केल्यावर मिरकरवाडा बंदर जरूर पाहावे, कारण हर्णैची वाळू आणि बैलगाड्या यांच्यानंतर जेटी, बर्फाचे कारखाने आणि ट्रॉलरच्या रांगा पाहिल्या की याच व्यवसायाची दुसरी अवस्था डोळ्यांसमोर येते. वेळ उरला तर थिबा राजवाडा आणि टिळकांचे जन्मस्थान, दोन्ही शहरातच आहेत.

ताजी मासळी घरी न्यायची असेल तर सकाळी मिरकरवाड्याहून घ्यावी आणि साफ करून घ्यावी. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मग मासळी, पुन्हा वर बर्फ असे थर लावून झाकण चिकटपट्टीने बंद करावे. बर्फाचे पाणी रेल्वेच्या डब्यात सांडले तर सहप्रवाशांशी वाद ठरलेला, म्हणून पेटी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून गाठ मारावी. सुकी मासळी दोन पिशव्यांत गुंडाळून स्टीलच्या घट्ट डब्यात भरावी. सोडे घेताना ते कडक आणि गुलाबी-नारिंगी असावेत. बोटाला ओलसर लागले तर ते महिनाभरही टिकत नाहीत. कोकम आणि आगळ मात्र बाजारातून न घेता, जिथे उतरलात त्या घरातूनच मागून घ्यावे.